नीरेच्या पुढची दुपार

दिंडीत नाव नोंदवताना पांडुरंगाची ओढ किती होती हे मला सांगता येणार नाही, पण घरापासून लांब जाण्याची ओढ मात्र नक्की होती. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की उठून जायचे, थोरल्या भावाचा फोन वाजू द्यायचा आणि रात्र मोबाइलवर मालिका पाहत काढायची, हे अनेक वर्षे चालले होते. आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी हे सारे कानांत इअरफोन असतानाच मागे पडले.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झाले आणि लोणंदच्या वाटेवर टाचेच्या फोडामुळे पाऊल टेकवेना. बाभळीखाली बसून मी सवयीने मोबाइल काढला. शेजारी एका मावशींनी डोक्यावरचे तुळशीवृंदावन उतरवले, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि म्हणाल्या, "पाय हिकडं करा, माउली." वयाने मोठ्या, अनोळखी बाईच्या मांडीवर पाय ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी मान फिरवली, तशा त्या म्हणाल्या, "तोंड फिरवू नका. दोरा कुठनं घालते ते बघा, उद्या तुमचा तुम्हालाच घालायचाय." त्यांनी फोडातून दोरा ओवून आतच ठेवला, पाणी निथळू दिले, हळद दाबली आणि माझे आभार न ऐकताच आपली दिंडी गाठायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टाचेत दोरा मीच घातला.

त्या संध्याकाळी टँकरपाशी झालेल्या रेटारेटीने मी संतापलेलो होतो. पालखीतळावर सगळ्या दिंड्या जमून होणाऱ्या समाजआरतीला चोपदारांनी हातातला दंड उंचावला आणि हजारो टाळ थांबले; एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. जिची तक्रार असते ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोपदार तिच्यापाशी गेले, म्हणणे ऐकले गेले आणि मगच आरती झाली. माउलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीचा मी आजवर केवळ उल्लेख ऐकला होता. भांडण असे देवासमोर, सर्वांदेखत मांडायचे असते हे पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

तरडगावहून मी भावाला फोन केला. तो वाखरीला आला. रिंगण संपल्यावर रस्त्याच्या कडेला उभे राहून, आवाज चढवत, विहिरीच्या पाण्याच्या पाळीपासून आईच्या औषधपाण्यापर्यंत सगळे आम्ही बोललो.