‘अप्पा’ला अडलेला लायकेऑनचा डोंगर

दोन अक्षरांपायी माझी मोहीम हुकणार होती, हे आठवलं की आजही डोकं तापतं.

ग्रीसमध्ये आर्केडियातल्या लायकेऑन पर्वतावर झ्यूसचं, म्हणजे ग्रीकांच्या सर्वांत मोठ्या देवाचं, प्राचीन देवस्थान आहे. तिथल्या उत्खननात शिकायला जाण्यासाठी माझी निवड झाली. पैशाचीही सोय झाली. अडलं पासपोर्टपाशी. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘शिवशरणप्पा’, आधारवर ‘शिवशरण’. आमच्या सोलापुरात नावाला अप्पा लागतो नि गळतो, कुणाला काही वाटत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला वाटलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, तेही चालेना. दाखलाच दुरुस्त करून आणा म्हणाले.

शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरातली, म्हणजे शाळेच्या ज्या वहीवरून दाखला निघतो तिच्यातली, नोंद मुख्याध्यापकांना स्वतःहून बदलता येत नाही, वरून मंजुरी लागते. प्रस्ताव गेला आणि एका टेबलावर जाऊन बसला. सोमवारी साहेब दौऱ्यावर, गुरुवारी मीटिंग, पुढच्या सोमवारी ‘प्राथमिकचा पुरावा कुठाय?’ हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? सात फेऱ्या झाल्या, त्याही एप्रिलच्या चाळिशीपारच्या उन्हात. अप्पा माग बंद ठेवून माझ्याबरोबर यायचे. बाकड्यावर बसल्या बसल्या एकदा हळूच म्हणाले, “माझ्या नावामुळं तुझं अडलं बघ.” त्यांना हे म्हणायला लावलं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

शेवटी प्राथमिक शाळेच्या माळ्यावर एका गठ्ठ्यात माझा पहिलीचा प्रवेशअर्ज सापडला. खाली अप्पांची सही, स्वच्छ अक्षरात: शिवशरण. चौथ्या दिवशी मंजुरी! म्हणून सांगते, प्रतिज्ञापत्रावर पैसे घालण्याआधी पहिलीचा अर्ज शोधा. आणि हो, प्रत्येक कागदाची शिक्क्यानिशी पोच घ्या. मधे आमचा प्रस्तावच ‘सापडत नाही’ म्हणाले होते, पोच होती म्हणून वाचले. व्हिसाला घरच्यांची आयकराची कागदंही लागतात, तीही आधीच काढून ठेवा.

आनो कारिएस गावात राहून आम्ही वर जायचो. १३८२ मीटरवरच्या शिखरावर राखेची वेदी आहे. शतकानुशतकं जाळलेल्या बळींची राख आणि हाडं साचत साचत झालेली. हाडं बहुतेक शेळ्यामेंढ्यांची, त्यातही मांड्यांची जास्त. ग्रीक पुरातत्त्वज्ञ कुरुनिओतिस यांनी १९०३ साली ती वेदी खणली होती. २०१६ साली तिथंच एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा मिळाला. माझ्याकडे माती चाळायचं आणि पिशव्यांचं काम होतं. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: चर कुठला, थर कितवा, तारीख काय. चिठ्ठी चुकली की आतलं खापर पोरकं. माझी एकही चुकली नाही.

रात्री फोनवर अप्पांना राखेबद्दल सांगितलं. रोज कपाळाला भस्म लावणारा माणूस, पहिला प्रश्न हाच की राख कुणाची. मी सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “सगळं नीट लिहून ठेवतीयस न्हवं?”