कानात अजून बास घुमतोय

शुक्रवार, रात्रीचा एक वाजून गेलाय. कार्डिफ, वेल्सची राजधानी.

मनगटावरचा शिक्का साबणाने निघत नाहीये आणि झोपेचा पत्ता नाही, तर लिहूनच टाकते.

ऑफिसातल्या मैत्रिणीने आज ओढतच नेलं क्लुब इवोर बाखला. किल्ल्यासमोरच्या वुमनबी स्ट्रीट नावाच्या अरुंद गल्लीत हा क्लब १९८३ पासून आहे. इंग्रजीत बुडालेल्या या शहरात वेल्श बोलणाऱ्यांना हक्काची जागा हवी, म्हणून तो निघाला. ज्याचं नाव दिलंय तो इवोर बाख बाराव्या शतकातला डोंगराळ मुलखातला सरदार. ११५८ मध्ये त्याने रात्री याच किल्ल्याच्या भिंती चढून आतल्या नॉर्मन उमरावाला बायको-मुलासकट उचलून नेलं आणि बळकावलेली जमीन परत मिळेपर्यंत सोडलं नाही. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही.

आजचा बँड तिघांचा, उत्तरेतल्या बेथेस्दाहून आलेला. गाणारी मुलगी फार तर विशीची. तार लावता लावता माइकमध्ये काहीतरी पुटपुटली, सगळे हसले, मीही अर्धा सेकंद उशिरा हसले. मैत्रीण कानाशी ओरडली, "घरमालकाला शिव्या घालतेय!" पुढचं गाणं त्या घरमालकावरच निघालं. ड्रमवाल्याची एक काठी मोडली, त्याने तो तुकडा मागे भिरकावला आणि ठेका न चुकवता मांडीखालून दुसरी काढली. छप्पर इतकं खाली की पहिल्या रांगेतल्यांचा घाम तिथेच जमून परत त्यांच्यावर पडत असावा.

मला भावलं ते हे, की स्टेजवर कोणी मातृभाषेचा उमाळा आणून बोलत नव्हतं. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे भरले सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे आपलं कोल्हापूर शहर. एवढ्याशा लोकांत पंक आहे, लोकसंगीत आहे, सिंथेसायझरवर चालणारं तिरपागडं काहीतरी आहे. आपण आठ कोटींच्या वर, आणि चार पोरांनी मराठीत स्वतःची गाणी मोठ्या आवाजात वाजवायची म्हटलं, तर त्यांना दर आठवड्याला उभं करणारी खोली कुठे आहे? सिनेमा आणि रिॲलिटी शो सोडून बोला.

मैत्रीण दत्ब्लगीची भक्त. १९८२ मध्ये कार्डिगनला निघालेला हा बँड. त्यांचा डेव्हिड आर. एडवर्ड्स वेल्श सुसंस्कृत मंडळींची, शाळांची, गोग्गोड संस्कृतिप्रेमाची वेल्शमध्येच सालटी काढायचा. बीबीसीवरच्या जॉन पीलने त्यांना उचलून धरलं, घरचे मात्र नाकं मुरडत राहिले. २०२१ मध्ये तो गेला. भाषेची पूजा करणाऱ्यांपेक्षा तिच्यात मनसोक्त भांडणाऱ्या या माणसाने तिचं जास्त भलं केलं असं मला वाटतं. मैत्रीण तर त्यापुढे जाऊन बरंच काही बोलते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बेथेस्दा म्हणजे स्लेटच्या खाणीचं गाव. तिथेच वाढलेला ग्रिफ रीस सुपर फरी अॅनिमल्स या बँडचा. त्यांची रेकॉर्ड कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी २००० साली 'मुंग' हा पूर्ण वेल्श अल्बम स्वतःच्याच लेबलवर काढला आणि तो ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत ११ व्या क्रमांकावर गेला. अलीकडच्यांत कामार्दनच्या अद्वाइथ या मुलींनी वेल्श म्युझिक प्राइझ २०१९ ला घेतलं आणि २०२२ ला पुन्हा. दोनदा घेणारे ते पहिलेच.

आणि तरी ही गल्ली २०१७ मध्ये जाता जाता राहिली. शेजारी फ्लॅट आणि हॉटेल बांधायचे बेत होते. मग नव्या रहिवाशाने तक्रार करायची आणि जुन्या क्लबने आवाज बंद करायचा, हा ठरलेला खेळ. लोक रस्त्यावर आले. २०१८ च्या नियोजन धोरणात सरकारने तत्त्व घातलं की गोंगाटाशेजारी जो नंतर बांधायला येईल, आवाज अडवायची सोय त्याने करायची. साधं, पण केवढं शहाणपणाचं! त्याने सगळं वाचलं असं नाही. शहरातली ग्विडिहू नावाची गाण्याबजावण्याची लाडकी जागा २०१९ च्या जानेवारीत बंद पडलीच. चौऱ्याहत्तर हजारांचं स्टेडियम इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जगभरचे तारे येतात, शहर तुंबतं, हॉटेलं दर चढवतात. तिथे पोचायच्या आधी बँडला वाजवायला ही गल्ली लागते, एवढं गणित मात्र सगळ्यांना जमत नाही.

कार्यक्रम संपल्यावर तीच मुलगी जिन्यापाशी टेबल टाकून टी-शर्ट विकत होती. मोठ्या मापाचे संपले होते, लहान घेतला, भाचीला होईल. आता कुठे राहणार, विचारलं तर म्हणाली, कुठे नाही, सकाळी ड्रमवाल्याची कॅफेत पाळी आहे. म्हणजे अॅम्प गाडीत भरून, डोंगरातल्या वळणावळणाच्या ए-४७० ने रातोरात चार-साडेचार तास. उत्तर-दक्षिण जोडणारा सरळ महामार्ग या देशात नाहीच.

पुढच्या महिन्यात ते त्यांच्या गावच्या नेवाद ओग्वेन या हॉलमध्ये वाजवणार आहेत. जावं म्हणते. नवरा झोपेतच म्हणाला, दीड तासाच्या गाण्यासाठी एवढी गाडी हाणायची? सवाईसाठी दरवर्षी सोलापूरहून पुण्याला येणाऱ्या स्वतःच्या मामाला त्याने हे विचारून बघावं.