काट्यावर पाय

६ मार्च

आज ऑपरेशन केलेल्या घोट्याचं प्लास्टर कापलं. मशीनचा आवाज थेट सुताराच्या कटरसारखा, म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो. कापणारा पोरगा हसला आणि पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. ते गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ चामडी सोडून देतं. कळलं सगळं, पण कडेवरचा हात काही सुटला नाही.

आतून निघालेला पाय मी २२ जानेवारीला आत घातलेला नव्हताच. पोटरी वितळलेली, चामडीला खवले, वास पावसात भिजलेल्या बारदान्याचा. बायको जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अवो, हा तं बगळ्याचा पाय निंगाला." डॉक्टरही हसले.

एक्स-रेत तीन स्क्रू दिसतात. वर नडगीचं हाड, खाली घोट्याचं, आणि दोघांच्या मधात जी काळी फट असते तोच सांधा. माझी फट आता पुसट झाली आहे, कारण तिथला सांधाच डॉक्टरांनी मोडून टाकला. उरलीसुरली कूर्चा, म्हणजे हाडांच्या मधली गादी, खरवडली, दोन्ही हाडं उघडी करून एकमेकांना भिडवली आणि स्क्रूनं आवळली. दोन्ही मिळून एकच हाड होणार. "जुळून येतंय, पण ओलं आहे," ते म्हणाले. "सेंट्रिंग काढलं म्हणून त्याच दिवशी स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवता का?"

तर आता वरून मोठा बूट, हातात वॉकर, आणि डाव्या पायावर भार फक्त २० किलो. पुढे हळूहळू वाढवायचा.

डीएपी खताची थैली ५० किलोची, युरियाची ४५ची, हे मला हात लावून सांगता येतं. वेचणीवाल्या बाईच्या गाठोड्यात किती कापूस आहे ते तिच्या चालीवरून ओळखतो, किलोभर इकडेतिकडे. स्वतःच्या पायाचे २० किलो कसे ओळखायचे?

९ मार्च

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं होतं, घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून सराव करा. आमच्या न्हाणीत बादली ठेवली की माणसाला जागा उरत नाही, तिथं काटा कुठून येणार? म्हणून पोरगा मला गाडीवर बसवून कोपऱ्यावरच्या किराण्यात घेऊन गेला. तिथं पोती मोजायचा काटा आहे, लाल आकड्यांचा.

काट्यावर डावा पाय आणि बाजूला दोन विटा रचून त्यांवर उजवा, म्हणजे दोन्ही पाय एका उंचीवर. हात वॉकरवर. पाय नुसता टेकवला तर ४. जरा रेलून उभा राहिलो तर ११. मग वाटलं आता २० झाले असतील, आणि खाली बघतो तर ३३! घाबरून पाय उचलला तर विटेवरून घसरायची वेळ आली. दुकानदार भाऊ गूळ तोलायचं सोडून धावत आले. आजूबाजूची चार पोरं जमलीच होती. त्यातलं एक ओरडलं, "काका तेहेतीस किलोचे हायेत बे!"

वीस-पंचवीस वेळा केलं. आधी आकडा बघत, मग डोळे मिटून. डोळे मिटून पाय दाबायचा, मनात आकडा धरायचा, मग उघडून बघायचं. शेवटी १८ ते २३च्या मधात येऊ लागला. घरी येताना ते वजन टाचेत लक्षात ठेवून आणलं, दुकानातला निरोप घरी सांगायला निघालेलं लेकरू तो घोकत येतं तसं.

१४ मार्च, धुळवड

सगळं गाव रंगलेलं आणि मी ओट्यावर पाय उशीवर ठेवून. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पायाकडे बघतो आणि मग खिशात हात घालतो. खर्रा. दोन बोटांत ती प्लास्टिकची पुडी, वर रबर. "घे ना गड्या, सणाचा दिवस."

राज्यात गुटख्याला २०१२पासून बंदी आहे. पण खर्रा काय कारखान्यातून येतो? सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. मी रोजचे पाच-सहा खायचो. डॉक्टरांनी पायाआधी माझे दातच पाहिले असावेत, कारण पहिल्याच भेटीत म्हणाले, "हे सुटेपर्यंत तारीख देणार नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पडतं. स्क्रू मी टाकीन, पण हाड काही स्क्रूनं जुळत नाही, रक्तानं जुळतं." नोव्हेंबरात सोडला. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या प्रत्येकाशी भांडलो, एकदा तर बैलाशीही.

आज पाच वेळा नाही म्हणालो. सहावा आला तो चुलत भाऊ. त्यानं आग्रहच केला नाही, माझ्यासमोर बसून स्वतःच निवांत खाल्ला. तो वास सगळ्यात वाईट.

रात्र

झोप नाही. पाय ठणकत नाही, हीच नवलाई आहे. सोळा वर्षं रात्री ठणकायचा.

२००९च्या पावसाळ्यात नाल्याच्या उतारावर बैलबंडी कलंडली आणि डावा पाय चाकाखाली गेला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. शहरात न्यायला पैसा नव्हता असं मी लोकांना सांगत आलो, पण खरं म्हणजे पेरणी तोंडावर होती आणि धीर नव्हता. शेजारच्या गावातल्या एका हाड बसवणाऱ्यानं तेल लावून ओढलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि एकवीस दिवसांनी सोडलं. हाड जुळलं, पण तिरपं. त्याच्यावर राग नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण कामट्या सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वखरामागे गेलो तो मीच.

डॉक्टर सांगत होते, गुडघा म्हाताऱ्याचा झिजतो, घोटा बहुतेक वेळा जुन्या माराचा. कृत्रिम घोटाही बसवता येतो म्हणाले. मग विचारलं, काम काय करता? ओझं उचलता? ढेकळांतून चालता? सगळ्याला हो म्हटल्यावर म्हणाले, मग जोडूनच टाकू. दुखणं जाईल, पण पायाचं वरखाली वाकणंही जाईल. आणि पुढे काही वर्षांनी शेजारचे सांधे कुरकुर करू शकतात, कारण त्यांच्यावर जास्तीचं काम पडतं. घरातल्या एकानं अंग काढून घेतलं की बाकीच्यांचं जे होतं तेच.

"वाकणं जाईल" हे ऐकून मी मान डोलावली होती. आधीच कुठे फार वाकत होता? आता वाटतं, नीट विचारायला हवं होतं.

१७ एप्रिल

बारा आठवडे झाले. बूट सुटला. डॉक्टर म्हणाले, चाला.

चाला म्हणणं सोपं आहे. आपण चालतो तेव्हा टाच टेकते, मग नडगी पावलावरून पुढे झुकते, मग बोटं जमीन ढकलतात. हे मधलं झुकणं घोट्याचं. तेच गेलं. पहिल्या दिवशी अंगणात पाच पावलं टाकली तर प्रत्येक पावलाला गुडघा मागे ढकलला जात होता, कोणी समोरून हात लावून थांबवल्यासारखा. बुढी, माझी माय, दारातून बघत होती. म्हणाली, "पाय टेकवू नोको, लोटू दे." फिजिओवालीनं अर्धा तास जे समजावलं ते हेच: पाऊल लहान घ्या, टाच लवकर सोडा, पावलाचा मधला भाग काम शिकेल.

वर्ध्याला जाऊन रस्त्याकडेच्या चर्मकारदादांकडून बूट करून आणला. कागदावर डॉक्टरांनी चित्र काढून दिलं होतं: टाच एक सेंटिमीटर उंच, कारण सांधा खरवडल्यानं हा पाय तेवढा तोकडा झाला, आणि तळ पुढून वर वळलेला. दादांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पाळण्याच्या बुडाले असते तसं?" डॉक्टरांपेक्षा नेमकं बोलले. टायरचा तुकडा रापीनं तासला, पाण्यात बुडवत बुडवत, जाड टाचेकडून पुढे पातळ करत आणला. बूट जमिनीवर ठेवून एका बोटानं ढकलून पाहिला. बूट डुलला. पुन्हा तासला. तीनदा. एकशे ऐंशी रुपये घेतले. तो बूट घालून बसस्टँडपर्यंत चाललो, आणि मधात एकदा विसरलो की मी चालतो आहे.

१ मे

चालणं येतंय. पण बसणं गेलं.

काल आखाजी. काकांकडे पंगत होती. सगळे मांडी घालून ओळीनं, आणि माझ्यासाठी आतून लाल प्लास्टिकची खुर्ची आली, समोर स्टूल. मांडी मला घालता येते, पण बसताना आणि उठताना मधात जी उकिडवी अवस्था येते ती माझ्याकडे उरली नाही. टाच टेकलेली ठेवून गुडघे पुढे न्यायचे तर घोटा वाकायलाच हवा. म्हणून खुर्ची. वाढणारी पोरं माझ्याकडे येऊन थबकायची, कारण त्यांचं वाकणं ओळीच्या मापाचं. आमच्याकडे खुर्चीवर जावई बसतो, पुढारी बसतो, नाहीतर ज्याचं काही खरं नाही असा म्हातारा.

मोजून पाहिलं तर दिवसातलं निम्मं आयुष्य उकिडवं असतं. चुलीपाशी चहा, गाईचं दूध काढणं, चौकातल्या गप्पा, पंप बिघडला की त्याच्यापुढे. आणि सकाळचं पहिलं काम तर आहेच. आमचा संडास बारा हजारांच्या सरकारी अनुदानातला, जमिनीलगत भांड्याचा. पोरानं मधात भोक असलेली लोखंडी खुर्ची आणून त्यावर ठेवली. पहिल्या दिवशी मी आत वीस मिनिटं नुसता बसून होतो, सरपंचासारखा. काही झालं नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, "जमिनीवर बसताना त्रास होईल" एवढं. म्हणजे नेमकं काय काय, ते आपलं आपणच भरून काढायचं.

(ऑपरेशन केल्याचा पस्तावा नाही. परवा मधल्या रात्री जाग आली, ठणका शोधला, सापडला नाही. पुन्हा झोपलो.)

१६ जून

मृगानं चार दिवस उशीर केला, पण आला. वावरात गेलो.

सपाट अंगण आणि वावर यांत फरक आहे. नांगरलेल्या काळ्या मातीत कोणतंच पाऊल सरळ पडत नाही. मला वाटलं होतं पहिल्याच ढेकळावर पडेन. पण घोट्याखाली आणखी एक सांधा असतो, तो आडवा, डावीउजवीकडे कलणारा. तो शाबूत आहे. ढेकूळ आलं की तोच सांभाळून घेतो. त्याची आजवर मला ओळखच नव्हती. धुऱ्यावर चढताना मात्र पंजा बाहेर वळवून तिरपं जावं लागतं, बदकासारखं, आणि उतरताना आजारी पाय आधी.

तिफनीमागे मी तीन तासं, म्हणजे तीन ओळी, गेलो. चौथ्याला चिखल बुटाच्या वळणात भरला आणि पाळण्याचं बूड सपाट झालं. बूट काढून काडीनं खरवडत बसलो, अर्थात धुऱ्यावरच्या दगडावर. पोरगा पुढे पेरत गेला.

गाडीही चालवली. गिअर डाव्या पायाला. पंजा वर उचलून गिअर टाकायची सवय तीस वर्षांची, आणि पंजा आता उचलतच नाही. अख्खा पाय मांडीपासून उचलून टाचेनं मागचा दांडा दाबायचा. चौकात उभ्या मंडळींना वाटलं, मी गाडीला लाथ मारतो आहे.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा, आज खांदशेकणी. बैल धुतले, हळद-लोणी लावून त्यांचे खांदे शेकले आणि म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हे म्हणायचं काम दरवर्षी माझं, आणि खूर घासायचंही माझंच. खूर घासायचे म्हणजे बैलाच्या पायाशी उकिडवं बसायचं, लाथ आलीच तर उडी मारून मागे व्हायचं.

मी कोठ्यात प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेलो. मोठ्या बैलानं आयुष्यात कोठ्यात खुर्ची पाहिली नव्हती. कान ताठ, डोळे मोठे. मी बसून त्याच्या पायाला हात लावताच त्यानं मागचा पाय झटकला. मी वेळेत उठलो, खुर्ची गेली. एक पाय तुटून गव्हाणीत पडला.

बुढी ओट्यावरून म्हणाली, "तिचाई घोटा गेला काय?"

पोरगा खाली बसला, सहज, बसतोय हे कळायच्या आत. मी उभा राहून शिंगं रंगवली. एकाला लाल, एकाला हिरवा. हिंगूळ लावताना बैलानं मान माझ्याकडे कलती केली, दरवर्षी करतो तशी. शिंगं माझ्याकडे, खूर पोराकडे. असंच वाटून घेतलं. अंधार पडेपर्यंत चाललं.