वीस रहस्ये आणि बेचाळीस किलोमीटर

त्या दिवशी माझ्या उजव्या तर्जनीत बाबांची अंगठी होती. पितळेची, वर दहा बारीक दाणे आणि मधोमध एक छोटा क्रूस. केळीला पाणी लावताना हातात लांब माळ धरता येत नाही, म्हणून बाबा या अंगठीवर रोझरी, म्हणजे येशूची आई मारिया हिची जपमाळ, म्हणायचे. अंगठ्याने एकेक दाणा चाचपत पुढे जायचं. झिजून झिजून त्यातले तीन-चार दाणे जवळजवळ सपाट झाले आहेत.

बाबा २०१९ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर महिनाभरातच धाकटी बहीण म्हणाली, "दादा, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आपण दोघं पळू. पूर्ण. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर." मी आधी दोनदा पळालो होतो, पण एकटा, घड्याळाकडे बघत. तिची ही पहिलीच वेळ होती. कसं पळायचं हेही तिनेच ठरवलं होतं. रोझरीची रहस्ये, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशू आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, वीस; एकेका रहस्याला दहा दाणे. दोन किलोमीटरला एक रहस्य धरलं तर चाळीस किलोमीटर. आई म्हणाली, "आमच्या लहानपणी पंधराच होती गं." खरंच आहे. प्रकाशाची पाच रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली.

शर्यत रविवारी, १९ जानेवारी २०२० ला. त्यामुळे आम्ही शनिवारी संध्याकाळीच वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, ऐकली आणि आईला घेऊन चर्चगेट लोकल पकडली. गावात अजून उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्याच गप्पा होत्या; आठवड्यापूर्वीच आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून तिथे बसले होते. गाडीतही आईला त्याच विषयावर बोलणारी एक ओळखीची बाई भेटली आणि चर्नी रोड कधी आलं ते कळलंच नाही. रात्री गिरगावात मावशीकडे वरण-भात जेवून लवकर पडलो. झोप मात्र दोघांनाही नव्हती.

पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हजारो माणसं उभी होती. आम्ही क्रुसाची खूण केली आणि निघालो.

घरी रोझरी म्हणतात तशीच आम्ही म्हणत होतो. दर दाण्याला म्हणायच्या 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, 'पवित्र मारिये, देवाचे माते' हा दुसरा अर्धा दुसऱ्याने. यातून एक गोष्ट आपोआप झाली. उत्तर देण्याइतका श्वास बहिणीकडे उरतोय का, हे मला प्रत्येक दाण्याला कळत होतं. तिचा शब्द तुटला की मी वेग कमी करायचो. घड्याळाकडे पाहावंच लागलं नाही. मरीन ड्राइव्हवर आनंदाचं दुसरं रहस्य आलं. मारिया अलिशिबेला भेटायला डोंगराळ भागात लगबगीने जाते, ते. बहीण म्हणाली, "ती पण पळालीच की." मला ते फार आवडलं.

सी-लिंकवर उजाडलं. खाली समुद्र राखाडी, वारा अंगावर. इथे गर्दी नसते, टाळ्या नसतात, फक्त बुटांचा आवाज. दुःखाची रहस्ये इथेच सुरू झाली आणि बहिणीच्या पोटरीत गोळा आला. आम्ही कठड्याशी थांबलो. मी पोटरी चोळली, तिने कमरेच्या पिशवीतून सुकेळं काढलं. आगाशीचं, राजेळी केळ्याचं, उन्हात वाळवलेलं. मधासारखं तांबूस आणि चिकट. अर्धं तिने खाल्लं, अर्धं मला दिलं. त्या चवीबरोबर आमची बागच आठवली. मग शंभर पावलं चाललो आणि पुन्हा पळू लागलो.

माहीमला सेंट मायकल चर्चच्या फाटकाशी आई उभी होती. बाबांच्या आजारात तिने इथे नऊ बुधवार केले होते. दर बुधवारी वसईहून यायची, मेणबत्ती लावायची. १९४८ पासून इथे नित्य साहाय्यमातेचा, म्हणजे मारियेचा, नोव्हेना (नऊ बुधवारांची प्रार्थना) चालतो, सगळ्या धर्मांची माणसं येतात. बाबा वाचले नाहीत. तरी त्यानंतरच्या बुधवारीही ती आलीच होती, आभार मानायला. कशाचे, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आम्हाला पाहताच तिने दोघांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, घामावरच, आणि म्हणाली, "थांबू नका, जा."

शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी. ऊन चढत गेलं. मग पेडर रोडचा परतीचा चढ. एरवी टॅक्सीतून जाणवतही नाही. छत्तीस किलोमीटर पळून आल्यावर तो भिंतीसारखा उभा राहतो. माझी मांडी दगड झाली. इमारतींमधून उतरलेली माणसं संत्र्याच्या फोडी पुढे करत होती, नाव माहीत नसताना "चला, चला" म्हणत होती. माझा आवाज बंद झाला. तेव्हा बहिणीने दोन्ही अर्धे भाग स्वतःच म्हणायला घेतले. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द आले आणि मला बाबांची खोली दिसली. त्या रात्री त्यांच्या खाटेभोवती आम्ही हेच म्हणत होतो, त्यांचे ओठही हलत होते, आणि एका दाण्यावर ते हलायचे थांबले. आई मात्र थांबली नव्हती. तिने ते रहस्य पुरं केलं होतं. आभार कशाचे, ते मला तिथे, त्या चढावर कळलं. मी रडत होतो आणि पळत होतो.

विसावं रहस्य मरीन ड्राइव्हवर संपलं. उरलेले दोन किलोमीटर आणि थोडे मीटर बाबांचे. 'हे प्रभो, त्यांना चिरशांती दे,' एवढंच आळीपाळीने म्हणत, हात धरून आम्ही शेवटची रेषा ओलांडली.

दुपारी गिरगावात आईने अंगठी मागितली, फडताळात ठेवायला. माझी बोटं सुजली होती. साबण लावला, खोबरेल लावलं, अंगठी हलेना. आईने दोन-तीनदा फिरवून पाहिली, सपाट झालेल्या दाण्यांवरून बोट फिरवलं.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली, आणि पानं वाढायला उठली.