त्याला हवंय काय?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडात घड्याळं तासभर मागे घेतात. शनिवारी पावणेसहापर्यंत कशीबशी तग धरून राहिलेली संध्याकाळ रविवारी पावणेपाचलाच मान टाकते. बाहेर ओल्या पानांचा चिखल, आत हीटर, आणि कपडे वाळायचे वांधे. लीड्सला राहायला आल्यापासून या दिवसांत दर शुक्रवारी आम्ही एकत्र बसून भुताच्या जुन्या इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचतो. मी, नवरा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी नागपूरची मैत्रीण आणि शेजारचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांचा आवाज असा खर्जातला की वाण्याची यादी वाचली तरी अंगावर काटा यावा.

गेल्या वर्षी आईही होती. सावंतवाडीहून तीन महिन्यांसाठी आलेली. दिवाळी तोंडावर, म्हणून मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची. अडेल तिथे मी मराठीत सांगायचे, आणि ती मधेच एखादा प्रश्न टाकून सगळी हवाच काढून घ्यायची.

मला आधी हे वेळापत्रकच पटत नसे. आपल्याकडे शरद म्हणजे टिपूर चांदणं, कोजागरीचं आटीव दूध. पितर तर त्याच्या आधीच जेवून गेलेले. आमच्या भुताच्या गोष्टी मे महिन्यातल्या. दिवे गेलेले, पडवीत ओळीने अंथरुणं, आणि मामा आवाज बारीक करून विहिरीतल्या गिऱ्ह्याचं सांगतोय. लघवीला एकटं जायची कुणाची छाती नसे. इथे मात्र पावणेपाचचा अंधार बघितला आणि कळलं, एवढी लांबलचक रात्र घालवायला माणसाला काहीतरी हवंच.

सुरुवात रीतसर मुळापासून केली. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’, १७६४ची. गॉथिक कादंबरीची, म्हणजे जुन्या वाड्या-किल्ल्यांतल्या भयकादंबरीची, गंगोत्री म्हणतात ती हीच. पहिल्या आवृत्तीत या गृहस्थाने जुनं इटालियन बाड सापडल्याची थाप मारली होती. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली. त्यात लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलावर आभाळातून राक्षसी शिरस्त्राण पडतं आणि तो चेंगरून मरतो. आई म्हणाली, “मुंडावळ्यांच्या जागी हे?” आम्ही हसलो ते हसलोच. पुस्तक दोन बैठकांत उरकलं.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने जरा दम दिला. १८९७ची ही कादंबरी सगळी डायऱ्यांची आणि पत्रांची. त्यामुळे प्रत्येकाने एकेक पात्र वाटून घेतलं, आणि मोठ्याने वाचायला ती नाटकासारखीच निघाली. पण पहिल्याच पानांत जोनाथन हार्कर वाटेतल्या हॉटेलात पाप्रिका घातलेली कोंबडी खातो, फार आवडली म्हणून होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, कृती मागायची असं टिपून ठेवतो, आणि रात्रभर तहान तहान करत सुरईतलं पाणी संपवतो. नागपूरकरीण पुस्तक मिटून म्हणाली, “याला एकदा सावजीत न्यायला पाहिजे. ड्रॅक्युलापर्यंत पोचणारच नाही बिचारा.” पुढच्या शुक्रवारी तिने तसली कोंबडी करून आणली. मला बरी वाटली; आईने वरून लाल तिखट घेतलं.

एकत्र वाचण्याचा हाच घोटाळा. चार माणसं जमली की भीतीला उभं राहायला जागा मिळत नाही, कोणीतरी कोंबडीची कृती विचारतं. जेन ऑस्टिनला हे चांगलं ठाऊक असणार. तिच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तल्या दोन मैत्रिणी अशाच पावसाच्या दिवशी दार लावून भयकादंबऱ्यांचा फडशा पाडतात. पुढे त्यातली कॅथरीन परक्या घरात, वादळी रात्री, काळ्या कपाटातून गुंडाळलेले कागद शोधून काढते. तेवढ्यात मेणबत्ती विझते. रात्री तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघते तर धोब्याचा हिशेब.

आईचा खरा प्रश्न होता वेगळाच. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती वात वळता वळता विचारायची, “पण त्याला हवंय काय?”

आमच्या कोकणातल्या भुतांना काहीतरी हवं असतं. मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुंजा पिंपळावर बसतो, कारण त्याचं राहून गेलेलं असतं. आरवलीच्या वेतोबाला भूत म्हणायची माझी टाप नाही, तो गावाचा राखणदार; पण त्यालाही भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री फिरून त्या झिजतात म्हणतात, मग नव्या द्यायच्या. केळीचा घड ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे व्यवहार आहे, बोलणी होऊ शकतात. आई या बोलण्यांवर वाढलेली.

मग शेजारच्यांनी एम. आर. जेम्स काढला. हे केंब्रिजचे मोठे विद्वान, जुन्या हस्तलिखितांतले दर्दी. २८ ऑक्टोबर १८९३ला त्यांनी तिथल्या एका छोट्या मंडळापुढे आपल्या पहिल्या दोन भूतकथा वाचल्या. पुढे नाताळात मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात नवी गोष्ट वाचून दाखवायचा शिरस्ताच पडला. म्हणजे या गोष्टी मुळात चार जणांनी ऐकायच्याच. आम्ही दिवा घालवला, आईची एक वात निरांजनात लावली.

गोष्ट शिट्टीची. पार्किन्स नावाचे प्राध्यापक, भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेले, समुद्रकाठी गोल्फ खेळायला जातात. पडक्या अवशेषांत त्यांना धातूची शिट्टी सापडते. ते ती वाजवतात. बस, एवढंच. हॉटेलच्या खोलीत दोन खाटा, त्यातली एक रिकामी. आणि एका रात्री त्या रिकाम्या खाटेवर कोणीतरी उठून बसतं. त्याला अंग म्हणजे खाटेवरचीच चादर, आणि चुरगळलेल्या कापडाचंच तोंड. आंधळ्यासारखं चाचपडत ते खोलीभर फिरतं. त्याच हॉटेलात उतरलेले कर्नल धावून येतात म्हणून प्राध्यापक वाचतात. नंतर कर्नलचं मत असं की त्याला धरलं असतं तर ते फारसं काही करू शकलं नसतं. घाबरवणं एवढीच त्याची ताकद.

शेजारचे थांबले. निरांजन फडफडत होतं. आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं. तिच्या बोटांत कापूस तसाच होता. “काहीच नको त्याला?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग द्यायचं काय?”

त्यावर कोणी हसलं नाही. नागपूरकरणीला सोडायला नवरा गाडी घेऊन गेला. एरवी ती चालत जाते.

रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. जिन्याच्या तोंडाशी स्टँडवर डबलबेडची पांढरी चादर वाळत घातली होती, सकाळी मीच घातलेली. खाली हीटर चालू. चादर मधोमध हळूच फुगत होती आणि बसत होती. मी दिवा लावला. मग, जवळ जायचं नव्हतं तरी, गेले, ती ओढून काढली, ओलीच्या ओली घडी घातली आणि कपड्यांच्या टोपलीत तळाशी दाबून ठेवली.

सकाळी आईचा आवाज. “ओली चादर कोणी गं गोळा केली?”

“मी. पाऊस येईलसं वाटलं.”

“जिन्यात?” आई म्हणाली, आणि चादर पुन्हा स्टँडवर पसरायला लागली. या वेळी खिडकीपाशी, उजेडात.