जुनी डिस्क आधी बाहेर काढा

लॅपटॉप स्लो झाला म्हणून दुकानात आलेलं माणूस एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्यायला पटकन तयार होतं. मग काउंटरवर हात टेकवून हमखास विचारतं, "दादा, आहे तसं क्लोन करून देता, की फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. मी नव्याने टाकतो. आणि टाकताना जुनी हार्ड डिस्क मशीनमध्ये ठेवत नाही.

ही दुसरी अट मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी हिशेबाची कामं करणाऱ्या एका काकांच्या पीसीला एसएसडी जोडली आणि जुनी डिस्क डेटासाठी तशीच आत राहू दिली. सेटअपमध्ये दोन्ही डिस्क दिसत होत्या. मी नवीन निवडली, वीस मिनिटांत विंडोज आली, काका खूश होऊन गेले. दोन महिन्यांनी जुनी डिस्क टकटक वाजायला लागली म्हणून काढली, तर पीसी सुरूच होईना. काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची एक ओळ, बाकी काही नाही. आधीच्या डिस्कवर बूटचं पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा वेगळा कप्पा) तयार सापडलं की विंडोजचा सेटअप दुसरं बनवत बसत नाही, बूट फाइल्स तिथेच ठेवून देतो. म्हणजे विंडोज सगळी नव्या डिस्कवर, आणि तिला सुरू करणाऱ्या फाइल्स मरायला टेकलेल्या डिस्कवर. नव्या डिस्कवर थोडी जागा मोकळी केली, तिथे पार्टिशन बनवलं, बीसीडीबूट कमांडने फाइल्स त्यात घेतल्या, तेव्हा पीसी उठला. रिटर्न भरायची तारीख तोंडावर होती. काका माझ्या मागे स्टुलावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. ते मला अजून लागतं.

क्लोन वाईट नाही. एखादं महागडं सॉफ्टवेअर असं असतं की ते परत टाकून देणारा माणूसच आता मिळत नाही, तिथे मीही क्लोन करतो. पण बहुतेक मशीनवर पाच-सहा वर्षांचा पसारा असतो: मुदत संपलेला अँटिव्हायरस, काढून टाकलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, कुणीतरी कधीतरी टाकलेले टूलबार. तो उचलून नव्या डिस्कवर का न्यायचा? शिवाय डिस्क आधीच आजारी असेल तर क्लोन करताना ती खराब सेक्टरवर तासन्‌तास अडते, आणि तेवढ्या ताणात कायमची जाऊ शकते. अशा वेळी आधी कामाच्या फाइली बाहेर काढायच्या, बाकीचं नंतर.

आता या फाइलींबद्दल. सगळे फोटो आणि डेस्कटॉप सांगतात, फॉन्ट कुणीच सांगत नाही. एका शाळेतल्या बाईंचा लॅपटॉप असाच नवा करून दिला, डेटा सगळा परत टाकला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अहो, माझे सगळे पेपर बिघडले." मी फाइल उघडून पाहिली. "खालील उताऱ्याच्या आधारे" जिथे असायला हवं होतं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची रांग. फाइल बिघडली नव्हती. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडच्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी वळण चढवतो. फॉन्ट गेला की खालचं उघडं पडतं. जुन्या डिस्कवरून तो एक फॉन्ट आणून टाकला आणि बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जागच्या जागी आल्या. तेव्हा शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये तुमचं लिखाण असेल तर विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्सचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. विंडोज १० पासून काही फॉन्ट युजरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरातही असतात, तिथेही बघा.

टाकायचं काम त्यामानाने सोपं आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही. घाबरून एसएसडी परत करायला धावू नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि "लोड ड्रायव्हर" करा. सेटअपने विंडोजची की (परवान्याचा कोड) मागितली तर नवीन विकत घ्यायची गरज नाही. त्याच मशीनवर विंडोज १० किंवा ११ आधी ॲक्टिव्हेट असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. फक्त आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच निवडा, प्रो होती तर प्रो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ चालणाऱ्या मशीनच्या यादीत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर नेट आणि मेलपुरतं काम असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी तिथेही नीट टाइप होतं.

डिस्क काढण्याआधी एकच खात्री करा, तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर बाहेर काढलेली डिस्क दुसरीकडे जोडल्यावर उघडणार नाही.

आणि तिला लगेच फॉरमॅट मारू नका. हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा परत काढता येते. एसएसडीवर फाइल पुसली की विंडोज ट्रिमचा, म्हणजे ती जागा रिकामी करण्याचा, आदेश देते, आणि मग कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती सहसा काही लागत नाही. म्हणून मी जुनी डिस्क पाकिटात घालून, वर नाव-तारीख लिहून ज्याची त्याला देतो आणि तीन महिने हात लावू नका म्हणून सांगतो. परवाच एक ताई अडीच महिन्यांनी ते पाकीट घेऊन आल्या. बचतगटाची वही एक्सेलमध्ये होती आणि ती त्यांनी सी ड्राइव्हवर, भलत्याच फोल्डरात ठेवलेली. यूएसबी केबलला डिस्क लावली, शोधली, पेनड्राइव्हवर दिली.