आमची वाटचाल: डॉट कॉमवर कसे आलो

यंत्रांच्या माहितीपुस्तिका वेगवेगळ्या भाषांत तयार करून देणं हा आमचा धंदा. सुरुवातीची कामं ओळखीतून आली, त्यामुळे वेबसाइट नावापुरतीच होती, आपल्या देशाच्या दोन अक्षरी डोमेनवर (डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता किंवा त्यातला शेवटच्या टिंबापुढचा भाग). परदेशी चौकशा वाढल्या तेव्हा ते डोमेन अडायला लागलं. अशी साइट त्या देशापुरतीच असणार, असं लोकही धरून चालतात आणि गूगलही.

बदलायचं ठरलं आणि ऑफिसात दोन तट पडले. तरुण मंडळींना डॉट आयओ हवं होतं. छोटं, चटपटीत, शिवाय आमचं नाव तिथे मोकळं! गूगल त्याला सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही एका देशापुरतं नसलेलं डोमेन मानतं, हेही खरं. पण ते मुळात ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राचं डोमेन. ब्रिटनच्या ताब्यातलं हे क्षेत्र म्हणजे चागोस बेटं; त्यांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याचं 2024 मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून डॉट आयओच्या भवितव्याची चर्चा आहे. युगोस्लाव्हिया हा देश उरला नाही, आणि त्याचं डॉट वाययूही 2010 मध्ये कायमचं बंद झालं. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, तिथल्या कितीतरी कंपन्यांची युनियनच्या डॉट ईयू डोमेनवरची नावं गेली. डॉट आयओ उद्या बुडेल असं मी म्हणत नाही, पण आमची बिलं, करार, ईमेल दुसऱ्यांच्या राजकारणावर टांगून ठेवायची माझी तयारी नव्हती.

मधल्या काळात, शेवटी मोठा शब्द असलेल्या नव्या लांबलचक डोमेनांपैकी एक घेऊन पाहिलं. एका ग्राहकाच्या पुरवठादार नोंदणीच्या फॉर्ममध्ये ईमेल टाकला की खाली लाल अक्षरांत ‘ईमेल अवैध’. फॉर्म जुना, शेवटच्या टिंबापुढे चारपेक्षा जास्त अक्षरं त्याला चालेनात. फोनवर पत्ता सांगावा, तर लिहून घेणारा पुढे आपणहून डॉट कॉम लावून मोकळा.

शेवटी डॉट कॉमच घेतलं. हवं ते नाव कधीच गेलेलं आणि मालकाने सांगितलेला आकडा आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून नावाला एक शब्द जोडला. लांब झालं, पण फोनवर एकदा सांगून भागतं. प्रत्येक भाषेला त्याच साइटवर वेगळा विभाग दिला. जुन्या डोमेनचे पैसे मात्र दरवर्षी भरतो. ते सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्या पत्त्यावर येणारी आमच्या ग्राहकांची पत्रं त्याच्या हातात पडतील. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची होते, तेवढी करून टाकली. नोंदणीचं खातंही वेबसाइट करणाऱ्याच्या नव्हे, कंपनीच्या नावावर.